गोळी, कॉफी आणि मधला अर्धा तास

प्रश्न : ताई, माझं वय ४४. मला टाइप २ मधुमेह आहे आणि वजनही बरंच वाढलंय. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी या दोन्हींसाठी सेमाग्लुटाइडची रोज घ्यायची गोळी सुरू केली. थायरॉइडची गोळी तर कित्येक वर्षं चालूच आहे. सकाळी घाई असते म्हणून दोन्ही गोळ्या पहिल्या कॉफीच्या घोटाबरोबर घेऊन टाकते. दिवसभरात कॉफीचे पाच मग होतात, दूध आणि दोन-दोन चमचे साखर घालून. वजन जेमतेम दीड किलो उतरलंय. पुढच्या आठवड्यात डॉक्टर डोस ७ वरून १४ मिलिग्रॅम करणार आहेत.

गेले पंधरा-वीस दिवस छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्री झोप लागत नाही.

मी औषध घेते हे ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत हातात कॉफीचा मग असला की कुणी काही विचारत नाही आणि भूकही मरते. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र खाण्यावर ताबा राहत नाही. एका मैत्रिणीनं वजन उतरवणाऱ्या हर्बल कॉफीची पाकिटं दिलीत. तीनेक आठवड्यांपासून दुपारी त्यातलं एक घेते.

कुणी म्हणतं कॉफीनं वजन उतरतं, कुणी म्हणतं औषध चालू असताना कॉफी म्हणजे विष. मला कॉफी सोडणं जमेलसं वाटत नाही. सोडावीच लागेल का? निदान डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, तरी चालेल का? (नाव छापू नये.)

उत्तर : प्रिय मैत्रीण,

कॉफी सोडावी लागणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे जी आजच थांबवायला हवी, आणि ती कॉफी नव्हे. ती म्हणजे मैत्रिणीनं दिलेली पाकिटं.

तुम्ही धडधडीबद्दल एका परिच्छेदात लिहिलंत आणि पाकिटांबद्दल दुसऱ्या. आता दोन्हींच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. पाकिटं सुरू होऊन तीन आठवडे झालेत आणि धडधड, थरथर, झोपमोड पंधरा-वीस दिवसांपासून आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, आणि तुमच्या पाकिटात नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. पण या प्रकारच्या मालाचा इतिहास मला माहीत आहे आणि तो चांगला नाही. सिब्युट्रामिन नावाचं भूक कमी करणारं औषध एकेकाळी रीतसर मिळायचं. त्यानं बीपी आणि नाडीचे ठोके वाढतात. हृदयविकार असलेल्या लोकांमध्ये हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण त्यामुळे वाढल्याचं दिसलं आणि २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यात आलं. तरीही वजन उतरवणाऱ्या 'नैसर्गिक' चहा-कॉफीच्या पाकिटांत ते लपवून घातलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा मालाबद्दल अनेकदा जाहीर इशारे दिले आहेत. वेष्टनावर 'हर्बल' छापलेलं असतं, घटकांच्या यादीत त्या औषधाचं नाव नसतं, आणि घेणाऱ्याला वाटतं की आपण फक्त कॉफी पितोय.

म्हणून उरलेली पाकिटं वापरू नका, पण फेकूनही देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. मैत्रिणीनं प्रेमानं दिलीत, मान्य. तिलाही हे सांगा, कारण ती स्वतःही घेत असणार.

आणि धडधडीसाठी पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट पाहत बसू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा. ठोके अनियमित वाटले, छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फोनही नको, सरळ तातडीच्या विभागात जा. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर हात थरथरतील तेव्हा एकदा मोजून पाहा. नुसत्या सेमाग्लुटाइडनं साखर सहसा धोकादायक खाली जात नाही, पण मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या किंवा इन्सुलिन सोबत असेल तर जाऊ शकते. तुम्ही अशी काही घेता का, ते पत्रात नाही. उपाशीपोटी ढोसलेल्या कॉफीची थरथर आणि साखर उतरल्याची थरथर आतून अगदी सारखीच वाटते, त्यामुळे अंदाजावर सोडू नका.

आता सकाळच्या गोळ्यांकडे येते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. वजन का उतरत नाही हे शोधताना तुम्ही दिवसभराच्या पाच मगांकडे पाहताय. मी पहिल्या मगाच्या पहिल्या घोटाकडे पाहतेय.

सेमाग्लुटाइड हा प्रथिनासारखा रेणू आहे. असा रेणू तोंडावाटे घेतला की पोटातलं आम्ल आणि पाचक रस त्याचे तुकडे करून टाकतात. म्हणूनच हे औषध आधी फक्त इंजेक्शनच्या रूपात आलं. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये, आणि तीही एका युक्तीमुळे. गोळीत औषधाबरोबर आणखी एक पदार्थ घातलेला असतो. तो गोळीच्या भोवतालच्या इवल्याशा जागेत काही काळ आम्ल कमी करतो आणि पोटाच्या अस्तरातून औषधाला आत शिरायला मदत करतो. हे सगळं जठरात, गोळी जिथे टेकते तिथेच घडतं. पोट रिकामं हवं, पाणी अगदी थोडं हवं आणि त्या वेळी दुसरं काही तिथे यायला नको. एवढं सगळं नीट जमलं तरी गोळीतल्या औषधाचा साधारण शंभरावा भाग, किंबहुना त्याहूनही कमी, रक्तात पोहोचतो. बाकीचं वाया जातं. डोस ठरवताना हे सगळं धरलेलंच असतं.

आता कल्पना करा, एवढ्या नाजूक व्यवहारात दूध-साखरेची गरम कॉफी येऊन पडली. त्या शंभराव्या भागातलंही किती उरत असेल? तुमच्या शरीराला ७ मिलिग्रॅमच्या गोळीचा पुरता फायदा कदाचित एकदाही मिळालेला नाही. सुरुवातीला डोस वाढवताना अनेकांना थोडी तरी मळमळ होते. तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही. हा पुरावा नव्हे, पण माझा संशय त्यानं वाढतो.

गोळीचा नियम माहितीपत्रकात दिलेला असतो, आणि तो पाळायला अवघड नाही. सकाळी उठल्यावर, काहीही खाण्यापिण्याआधी, गोळी अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर अजिबात नाही. बरोबर फक्त साधं पाणी घ्यायचं आणि तेही १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण अर्धा पेला. त्यानंतर किमान ३० मिनिटं काही खायचं नाही, प्यायचं नाही, दुसरी गोळीसुद्धा घ्यायची नाही. या अर्ध्या तासात काळी, बिनसाखरेची कॉफीही चालत नाही. 'कोरी आहे, मग काय होतंय' असं पुष्कळांना वाटतं, पण मुद्दा दूध-साखरेचा नाहीच. साध्या पाण्याखेरीज कुठलंही पेय तिथे नको. एखाद्या सकाळी गोळी राहिलीच आणि नाश्ता होऊन गेला, तर त्या दिवसाची गोळी सोडून द्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी घ्या, दोन एकदम घेऊ नका.

हा अर्धा तास नुसता बसून काढायचा नाही. गजराशेजारी गोळी आणि मोजून ठेवलेलं पाणी असू द्या. डोळे उघडले की गोळी, आणि मग आंघोळ, आवराआवर, जे काही रोजचं असेल ते. कॉफीपर्यंत अर्धा तास आपोआप निघून जातो. कॉफीसाठी जीव कासावीस होईल अशी भीती वाटत असेल, तर गजर वीस मिनिटं अलीकडे घ्या आणि गोळी घेऊन पुन्हा पडा. काहीजण तसंही करतात.

थायरॉइडच्या गोळीचंही तेच दुखणं आहे. लेव्होथायरॉक्सिन कॉफीबरोबर घेतलं की ते शरीरात कमी शोषलं जातं, हे अभ्यासांतून चांगलं सिद्ध झालेलं आहे. ती गोळीही रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास थांबायचं, असा नियम आहे. तुम्ही कित्येक वर्षं ती कॉफीबरोबर घेत असाल तर दोन शक्यता आहेत. एक, थायरॉइड पुरेसं भरून निघत नसेल. मग थकवा येतो, वजन हलत नाही, आणि थकवा घालवायला माणूस आणखी एक मग कॉफी घेतो. दुसरी, डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून डोस आधीच वाढवून ठेवलेला असेल, आणि तो वाढीव डोस कॉफीसकटच बेतलेला असेल. या दुसऱ्या शक्यतेकडे नीट लक्ष द्या. आता अचानक गोळी पाण्याबरोबर घ्यायला लागलात तर तेवढ्याच डोसातून जास्त औषध रक्तात जाईल. त्यातून सेमाग्लुटाइडच्या गोळीमुळे थायरॉइडच्या औषधाचा रक्तातला परिणाम आणखी वाढतो, हे तिच्या माहितीपत्रकातच दिलेलं आहे. थायरॉइड जास्त झालं की काय होतं? धडधड, थरथर, झोप न लागणं. म्हणजे तुमच्या आजच्या तक्रारींना आणखी एक कारण मिळेल.

म्हणून सकाळची घडी बदलायचीच आहे, पण गुपचूप नको, डॉक्टरांना सांगून बदला. दोन गोळ्यांचा क्रम कसा लावायचा हेही त्यांनाच ठरवू द्या. एक पद्धत अशी असते की आधी सेमाग्लुटाइड, अर्ध्या तासानं थायरॉइडची गोळी, आणि त्यानंतर अर्धा-एक तासानं कॉफी व नाश्ता. सकाळ फार लांबत असेल तर थायरॉइडची गोळी रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्यायला अनेक डॉक्टर परवानगी देतात. नवी घडी बसली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएचची, म्हणजे थायरॉइड कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची, तपासणी करून घ्या. थायरॉइडच्या डोसात किंवा घेण्याच्या पद्धतीत बदल झाला की टीएसएच स्थिरावायला एवढा वेळ लागतो. आधी तपासलं तर आकडा फसवा येतो.

आणि आता पुढच्या आठवड्यातला १४ मिलिग्रॅमचा डोस. तुम्ही कॉफीबद्दल काही बोलला नाहीत, तर डॉक्टर समजतील की ७ मिलिग्रॅम तुम्हाला पुरत नाही. ते दुप्पट डोस लिहून देतील. त्याच सुमारास हे वाचून तुम्ही गोळी नियमानं घ्यायला लागाल. म्हणजे आजवर जेमतेम पोहोचणारं औषध एकाच उडीत दुप्पट डोसानं आणि पूर्ण ताकदीनं पोहोचेल. मळमळ, उलट्या, जुलाब अशा वेळी जोरात येतात, आणि मग 'मला हे औषध सोसत नाही' म्हणून लोक ते सोडून देतात. डोस पायरीपायरीनं वाढवण्याचं कारणच शरीराला सवय होऊ देणं हे आहे. तुमच्या डॉक्टरांनी आणखी काही आठवडे ७ वरच थांबायचं ठरवलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्यांना हे एवढंच सांगा : "गेले तीन महिने सेमाग्लुटाइड आणि थायरॉइड या दोन्ही गोळ्या मी कॉफीबरोबर घेतल्या. तीन आठवड्यांपासून ही पाकिटं घेत होते, आणि त्यानंतर धडधड सुरू झाली." दोनच वाक्यं आहेत. रागावतील म्हणून लपवू नका. औषध चहा-कॉफीबरोबर घेणारे पेशंट त्यांना रोज भेटतात, आणि न सांगणाऱ्यांमुळेच त्यांचे निर्णय चुकतात.

आता उरलेले मग.

२४० मिलिलिटरच्या एका मग फिल्टर कॉफीत सरासरी ९५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. इन्स्टंट कॉफीत त्याहून कमी, साधारण ६० च्या आसपास. निरोगी प्रौढांनी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घ्यायला हरकत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलं. गरोदरपणात ही मर्यादा २०० आहे. तुमच्या पाच मगांची बेरीज, कॉफी किती कडक करता त्यावर, तीनशे ते पाचशेच्या दरम्यान कुठेतरी जाते, आणि दुपारच्या पाकिटातलं वेगळं. धडधड चालू असताना एवढं नको. ती पूर्ण थांबेपर्यंत दिवसाला दोन मग, असं मी सुचवेन.

पण एकदम कमी करू नका. रोज पाच मग पिणाऱ्यानं अचानक हात आखडला की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, मन लागत नाही, आणि हे आठवडाभरही चालू शकतं. शिवाय त्याचं खापर औषधावर फुटतं. दर तीन-चार दिवसांनी एक मग कमी करा, किंवा मग तेवढेच ठेवून कॉफीची पूड कमी करत जा. सुरुवात संध्याकाळच्या मगापासून करा. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. पाच वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दहा वाजताही रक्तात फिरत असतं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर हा वेळ जवळपास दुप्पट होतो, हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाची ओढ वाढते. वजनासाठी औषध घेणाऱ्यानं झोप घालवणं म्हणजे एका हातानं भरून दुसऱ्या हातानं सांडणं आहे. शेवटचा मग दुपारी दोनच्या आत संपवा.

साखरेबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच. पाच मग आणि दोन-दोन चमचे म्हणजे दहा चमचे, जवळजवळ ४० ग्रॅम साखर, आणि तीही मधुमेह असताना. वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोनाचा दीड, दीडाचा एक असं करत या. जीभ दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते.

मला खरी काळजी वाटते ती जेवणाच्या सुट्टीतल्या मगाची. 'कुणी काही विचारत नाही' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वजनासाठी औषध घ्यायचं म्हटलं की लोक काहीतरी बोलतात, 'जरा कमी खा की' असं सहज म्हणून जातात, आणि ते नको म्हणून माणूस लपवतो. तुमच्या आजाराबद्दल ऑफिसला सांगायला तुम्ही मुळीच बांधील नाही. पण गुपित ठेवण्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. उलट, चारचौघांत थोडंसं जेवणाऱ्या बाईकडे कुणाचं लक्षही जात नाही.

दुपारी उपाशी राहून कॉफीवर भूक मारली की संध्याकाळी काय होतं ते तुम्हीच लिहिलंय. ताबा सुटतो तो तुमच्या मनाच्या कमकुवतपणामुळे नव्हे. दिवसभर न मिळालेलं अन्न शरीर मागून घेतं. आणि गोळी नीट लागू पडायला लागली की यातला धोका बदलतो. तेव्हा भूक खरोखरच कमी होईल, जेवण हळूहळू पोटातून पुढे सरकेल, आणि थोडं खाल्लं तरी पोट भरेल. त्या थोड्याशा जागेत जर कॉफीच भरली तर प्रथिनांना जागा उरत नाही. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि प्रथिनं कमी पडली की जास्त झिजतात. म्हणून जेवायला बसल्यावर प्रथिनांचा घास आधी घ्या, बाकीचं नंतर. कॉफी जेवणानंतर घ्या, तासाभरानं घेतली तर आणखी चांगलं. कॉफीमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि रक्त कमी असणाऱ्या बायकांना हे अंतर उपयोगी पडू शकतं.

मळमळ सुरू झाली, तर त्या दिवसांत रिकाम्या पोटी कॉफी अजिबात नको. कॉफीनं पोटातलं आम्ल वाढतं, आणि पोट आधीच सावकाश रिकामं होत असतं. दोन्ही मिळून घशाशी येतं, छातीत जळजळतं. थोडं खाऊन अर्धा मग, कोमट, घोट घोट घेतलेला बहुधा सोसतो. नाही सोसला तर काही दिवस बंद. या औषधांवर काहींना कॉफीचा वासच नकोसा होतो. तसं झालं तर घाबरू नका, हळूहळू जातं. जुलाब होत असतील तेव्हाही कॉफी टाळा, ती आतड्यांना डिवचते. आणि पाणी प्या. कॉफीनं शरीर कोरडं पडतं ही भीती सवयीच्या कॉफीबाजांच्या बाबतीत जरा जास्तच वाढवून सांगितली जाते. पण ही औषधं चालू असताना तहानही कमी लागू शकते, उलट्या-जुलाब झाले तर पाणी झपाट्यानं कमी होतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी गडद पिवळी दिसली की समजा, पाणी कमी पडतंय. उलट्या थांबतच नसतील, किंवा पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून कळ पाठीकडे जात असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. स्वादुपिंडाला सूज आल्याची ती खूण असू शकते.

तुमच्या निमित्तानं दुसरी औषधं घेणाऱ्यांसाठीही थोडं सांगते, कारण 'वजनाचं औषध' या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि एकीचा नियम दुसरीला लागत नाही. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड किंवा टिरझेपाटाइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांना अर्ध्या तासाचा नियम नाही. औषध कातडीखालून जातं, कॉफीशी त्याची गाठ पडत नाही. मळमळ, पाणी आणि जेवण यांबद्दल वर लिहिलेलं मात्र त्यांनाही लागू आहे. ओरलिस्टॅट आतड्यात चरबीचं पचन अडवतं. कोऱ्या कॉफीचा त्याच्याशी संबंध नाही, पण मलई घातलेली कॉफी म्हणजे चरबीच, आणि न पचलेली चरबी तेलकट जुलाबाच्या रूपानं बाहेर येते.

फेंटरमिन घेणाऱ्यांनी मात्र खरंच सांभाळावं. ते मज्जासंस्थेला उत्तेजन देऊन भूक मारतं. त्यानं नाडी आणि बीपी वाढतं, झोप उडते, आणि कॉफीही तेच करते. ते चालू असताना एखादा मग सकाळी, तोही डॉक्टरांना विचारून, बीपी मोजत राहून. एनर्जी ड्रिंक तर नकोच. नाल्ट्रेक्सोन आणि बुप्रोपिऑन एकत्र असलेल्या गोळीतही बीपी वाढू शकतं. शिवाय बुप्रोपिऑनमुळे फिट येण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून भरमसाट कॅफिन त्याच्यासोबत नको. हृदयाचा त्रास, अनियंत्रित बीपी किंवा फिट्सचा इतिहास असेल तर या दोन्ही औषधांबद्दल डॉक्टरांशी आधीच मोकळेपणानं बोला.

'कॉफीनं वजन उतरतं' याचं काय, असंही तुम्ही विचारलंत. कॅफिननं शरीराची ऊर्जा किंचित जास्त खर्च होते आणि थोडा वेळ भूक कमी वाटते, हे खरं आहे. पण शरीर कॅफिनला सरावतं आणि हा परिणाम फिका पडतो. त्या भरवशावर मग वाढवण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात त्याहून कितीतरी प्रभावी औषध आहे. त्याला आजवर नीट काम करू दिलेलं नाही, एवढंच.

राहिला डिकॅफचा प्रश्न. दुपारनंतर हातात मग हवासा वाटतो तेव्हा डिकॅफ चांगली सोय आहे. एका मगात साधारण २ ते १५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, त्यानं धडधड होत नाही आणि झोपही उडत नाही. आम्लाचा त्रास मात्र काहींना डिकॅफनंही होतो, तो पाहून ठरवा. आणि सकाळी गोळीनंतरच्या अर्ध्या तासात डिकॅफही नाही, फक्त ते अर्धा पेला पाणी.